बुरशीच्या शेंगा

आई, तू गेलीस तेव्हा मोबाईल फक्त बोलायला असायचा. आता मी त्याच्यावर दूध तपासते. दूध केंद्राच्या टेम्पोबरोबर गावोगावी जाते. कागदी पट्टीवर चार थेंब टाकायचे, जरा थांबायचं, मग पट्टी मोबाईलला जोडलेल्या डबीत सरकवायची. जनावरानं बुरशी धरलेली पेंड खाल्ली असेल तर तिचं विष दुधात उतरतं. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, पडद्यावर मात्र लाल खूण येते.

गुंजवण्याच्या आपल्या स्वयंपाकघरात तू शेंगा फोडायला बसायचीस. पावसाळाभर घर ओलं, पोत्यातल्या शेंगांना हिरवट बुरशी. चांगले दाणे आमच्या ताटात पडायचे, काळपटलेले तू तव्यावर भाजून स्वतः खायचीस. एकदा मी ते उकिरड्यावर फेकले, तर माझा दंड धरून तू मला तिथं नेलंस. "येच समदे. भाजलं की जातंय. अन्न टाकायची सवय लावून घिऊ नगंस." मी रडत वेचते आहे, तू शेजारी उकिडवी बसून एकेक दाणा पदराला पुसते आहेस. पुढं काही वर्षांनी तुझे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. भोरच्या डॉक्टरांनी विचारलं, "दारू घेता का?" तू कधी थेंबाला शिवली नव्हतीस, तरी मान खाली घातलीस.

गेल्या आठवड्यात आपल्याच गावात काकूचं, तुझ्या धाकट्या जावेचं, दूध तपासलं. दोनदा पट्टी लावली, दोन्ही वेळा लाल. काकू म्हणाली, "वास घे, चव बघ. काय वाईट हाय त्यात?" मी गोठ्यातलं शेंगपेंडीचं पोतं उघडलं. खालचा थर हिरवा झाला होता. "ऱ्हाऊ दे मग, केंद्राला नगं. घरात नातवंडांना उकळून देते," काकू म्हणाली. उकळून ते जात नाही, मी सांगितलं. ती हसली. "तुझी आय तर जल्मभर बुरशीच्या शेंगा खायची."

"म्हणूनच गेली," मी म्हणाले.

काकूनं कॅन उचलला आणि सगळं दूध परसात ओतलं. पोतंही ओढत बाहेर नेलं.

मला ते खरं तर माहीत नाही, आई. तुझं काय बिघडलं होतं हे कुठल्याच डॉक्टरांनी नीट सांगितलं नाही, आणि माझ्या हातातली डबी दूध तपासते, गेलेलं माणूस नाही. आता गावातल्या बायका बुरशीचं खाऊ नका म्हणून पोरांना तुझं नाव घेऊन धाक घालतात. मी ते खोडून काढत नाही. काकूच्या नातवंडांसाठी बोलले, असं स्वतःला सांगते. पण ते बोलताना मला सुटल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांनी तुझ्या जाण्याला काहीतरी कारण मिळालं होतं. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच आहे, तरी खोडलं.