घोट्यापर्यंतचा उजेड

७ जुलै

पोचलो एकदाचा रायपूरला! चौबे कॉलनीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या, अंगणात जीप मावते, आणि खाली घरमालकीण इंदूकाकू. त्यांचे वडील रेल्वेच्या नोकरीत वर्ध्याहून इकडे आले, काकूंचा जन्म इथलाच. बोलणं निम्मं आपलं, निम्मं हिंदी, मधूनच होकाराला एखादं 'हव'. आल्याआल्या पोहे खाऊ घातले आणि पोट्टी कधी येऊन राहिली म्हणून विचारलं.

मंजिरी आणि आमची पोट्टी शमू ऑगस्टच्या तीन तारखेला येतील, शमूच्या शाळेचा दाखला हातात पडला की. शमूची अट एकच. तान्ह्या पोळ्याला मिरवायचा तिचा लाकडी बैल आहे, पण त्याच्यामागे जोडायची गाडी नागपुरातच मोडली. नवी पाहिजे. इथे तान्हा पोळा असतो की नाही देव जाणे, पण हो म्हणून बसलो आहे.

काम नव्या राजधानीच्या पलीकडच्या गावांकडे जाणाऱ्या पाण्याच्या पाइपलाइनचं. गळती शोधायची. ती रात्रीच ऐकू येते, नळ बंद आणि सगळं शांत असताना. कंपनीने जुनी पण दणकट जीप दिली आहे. खूश आहे मी.

११ जुलै

पाइपलाइनच्या बाजूने रस्ता असा नाहीच. खोदलेले चर, मुरमाचे ढीग, बांधावरून उतरणारी चाकोरी. हेडलाइट लांबचं झाड न्‌ झाड दाखवतो, माझ्याच चाकापाशी काय आहे ते दाखवत नाही. परवा इंजिनाला खालून मोठा दगड लागला. माझा मदतनीस शालिग्राम जवळच्याच गावचा. बिचारा दर वेळी उतरून टॉर्च धरतो, आणि त्यात अर्धी रात्र जाते.

म्हणून गाडीच्या पोटाखाली लाइट लावायचे ठरवले. गुढियारीत शंकरच्या दुकानात जाऊन नीट समजावलं: पांढरे पाहिजेत, पसरट उजेडाचे, बोल्टने बसणारे, पाण्यात टिकणारे. त्याने निळे काढले. 'भैया, नीला ले लो, सब यही ले जाते हैं.' मला वरात काढायची नाही म्हटलं, तर गाण्याच्या तालावर उघडझाप करणारे काढले. डोकं फिरलं. शेवटी 'पांढरे' लिहिलेला खोका घेऊन बाहेर पडलो.

१५ जुलै

पांढरे निळसरच निघाले! ओल्या मुरमावर असे चकाकतात की खड्डा कुठला आणि डबकं कुठलं, कळत नाही. त्यातल्या एकात पाणी शिरलं. परत नेले तर शंकर म्हणतो, 'पानी में थोड़े ही चलाना था भैया.' भर पावसाळ्यात! मी काय बोललो ते इथे लिहीत नाही.

भांडून पिवळसर घेतले. उजेड झकास आहे, गाडीभोवती घोट्याइतक्या उंचीचा पट्टाच पडतो. पण फिटरने सगळे चाकांपाशी बाहेरच्या तोंडाने बसवले, त्यामुळे पोटाखाली मधोमध अंधार तो अंधारच. पुन्हा त्याच्या मागे लागायचं त्राण नव्हतं. मधे काय बघायचंय, म्हटलं.

२२ जुलै

काल रविवार. शालिग्राम आलाच नाही. त्यांचा सावन आपल्या श्रावणाआधी लागतो, त्या इतवारी गाव बांधतात म्हणे, कोणी काम करत नाही, तुम्हीही जाऊ नका साहब म्हणाला. गाव काय दोरीने बांधतात? इकडे वरचे लोक गळतीच्या आकड्यासाठी जीव खातात. चिडून एकटाच गेलो.

पण लाइटचे पैसे वसूल झाले! गावाच्या शिवेवर पुढच्या चाकापाशी उजेडात काय दिसावं, तर हातभर लांब लाकडी गाडी. कडुनिंबाची, दोन चाकांची, लाल झेंडी लावलेली. लाइट नसते तर चुरा झाला असता. आत लिंबू, फुटक्या बांगड्या, भरपूर शेंदूर. क्षणभर चमकलो, पण पोळ्याला पोरं गाडी सजवतात तेव्हा हाताला लागेल ते वापरतातच. कोणीतरी आधीच खेळून टाकून दिली असणार. शेजारी कोंबडीचं काळं पिल्लू उभं होतं, हाकललं तरी हलेना. लिंबू-बांगड्या फेकल्या, शेंदूर पुसला, गाडी मागच्या सीटवर ठेवली.

सकाळी शमूला फोन केला. ती आनंदाने इतकी किंचाळली की मंजिरीने फोन काढून घेतला.

२४ जुलै

अंगणातल्या चिखलात जीपच्या टायरचे दोन पट्टे, आणि त्यांच्या मधे दोन बारीक रेघा. फाटकापासून थेट जीपखालपर्यंत. वायर लोंबत असणार म्हणून फिटरला फोनवर शिव्या घातल्या. मग स्वतः पाठीवर झोपून पाहिलं. एकही वायर लोंबत नाही. मधल्या लोखंडावर मात्र शेंदराची बोटं उठली आहेत. तिथे माझा हात गेलेला नाही.

इंदूकाकूंना कालपासून ताप आहे.

२६ जुलै

शालिग्रामने मागच्या सीटवरची गाडी पाहिली आणि जीपमध्ये पाऊल टाकेना. खोदून खोदून विचारल्यावर बोलला. गाव बांधतात म्हणजे गावचा बैगा, त्यांचा देवऋषी, सावनात गावातली सगळी रोगराई त्या गाडीत बसवतो आणि शिवेबाहेर नेऊन सोडतो. सोडणारा मागे वळून बघत नाही. त्या गाडीला कोणी हात लावत नाही. 'तुम उसको बैठा के ले आए साहब.'

आधी का सांगितलं नाहीस म्हणून त्याच्यावर ओरडलो. जाऊ नका म्हटलं होतं, एवढंच तो म्हणाला. उद्या गाडी परत ठेवून येतो. वैताग नुसता.

२८ जुलै

काल शिवेवर ठेवून आलो. वळून पाहिलं नाही. आज अंगणात पुन्हा त्याच रेघा.

शालिग्राम म्हणतो, गाडी रिकामीच परत केलीत. लिंबू टाकलंत, शेंदूर पुसलात, तेव्हाच आत बसवलेली रोगराई उतरली. ती आता जीपखाली बसली आहे.

काकूंना दवाखान्यात हलवलं. शेजारच्यांकडेही दोघांना ताप.

३० जुलै

खालचे लाइट बंद केले की जीप एका बाजूला किंचित दबते. कोणी चढून बसल्यासारखी. लावले की परत वर येते. म्हणजे उजेडात ती येत नाही, मधल्या अंधारातच राहते. तर मग अंधारच ठेवायचा नाही.

आणखी लाइट आणले, तोंडं आत वळवून. अंधार डावीकडे सरकला. डावीकडे लावला, तर मागे गेला. जिथे लावावा तिथून तो बाजूला होतो, संपत नाही! शंकर हसला, 'शादी है क्या भैया?' त्याच्या अंगावर धावून जाणार होतो.

मंजिरीला सांगितलं, येऊ नका. तिकिटं काढून झाली, शाळा सोडून झाली, दर वेळी तुझं हे असंच, म्हणाली. खरं कारण तोंडातून निघेना. साथ आहे म्हटलं, तर म्हणे साथ कुठे नसते. जीपमध्ये बसूनच बोलत होतो. शमूने फोन घेऊन गाडीचं विचारलं. देईन म्हणालो.

सीटखालून लाकडी चाक फिरल्यासारखा आवाज झाला.

२ ऑगस्ट

एकच उपाय आहे म्हणतो शालिग्राम. ज्याने आणलं त्यानेच न्यायचं. खालचे लाइट बंद करायचे, तिला वर येऊन बसू द्यायचं. शिवेवर जीप सोडायची आणि पायी चालत निघायचं. कोणीही हाक मारो, मागे बघायचं नाही. बघितलं तर ती परत घरी येणार, कायमची.

उद्या रात्री जातो. मंजिरी-शमूला स्टेशनवरून ऑटो करून या म्हटलं आहे. या जीपमध्ये त्यांना बसवणार नाही.

३ ऑगस्ट, संध्याकाळ

आल्या. शमू आधी जीपकडेच धावली, चाकापाशी ओणवी झाली. 'बाबा, खाली कोण बसून राहिलं?'

उचलून वर नेली. पुन्हा पळाली, मागच्या सीटखाली लपली. लपाछपी म्हणे. पुन्हा वर नेली. अंग कोमट लागलं. प्रवासामुळे असेल. प्रवासामुळेच.

मंजिरी बोलत नाहीये माझ्याशी. अंधार पडताच निघतो.

रात्र, शिवेवर

लाइट बंद केले. जीप दबली. बसली.

उतरणार होतो. तेवढ्यात मागच्या सीटवरून — 'बाबा.'

शमूचा आवाज. शमू घरी आहे. निघताना मंजिरीजवळ झोपली होती — पाहिलं होतं का मी? दार लोटलेलं होतं. पांघरूण दिसलं. फक्त पांघरूण.

फोनला रेंज नाही. मान वळू नये म्हणून लिहितोय. डोळे वहीतच ठेवायचे. आरसा फिरवून ठेवला आहे.

'बाबा, माही गाडी कुठी हाय?' गाडीचं शमूला माहीत आहे. आणि त्या खालच्या बयेलाही — फोनवर बोललो तेव्हा जीपमध्येच होतो. सगळं ऐकलं असणार.

मागचं दार वाजलं. कोणी उतरलं की —

लाइट लावले. सगळे. फक्त खाली बघतोय.

उजव्या बाजूला, उजेडात, शमूच्या लाल चपला. छोटे पाय. गावाकडे चालले आहेत. हळूहळू. पुढे खोदलेला चर आहे, पाण्याने भरलेला.

एवढे लाइट घेतले, एवढी भांडणं केली, आणि दिसतं फक्त घोट्यापर्यंत. त्याच्या वर कोण आहे?

मागच्या सीटवरून — 'बाबा, चाल ना घरी. थंडी वाजून राहिली.'

पाय पुढे जाताहेत. उजेडाच्या कडेला आले. एकीला घेऊन जायचं, एकीला सोडायचं. शमू कुठली —

मानेवर गरम श्वास. ताप आहे तिला. खरा ताप.

वळून पाहिलं की कळेल. एकदाच. नुसतं —