पेटीतली पोलादी तार

कारभारी,

तुम्ही होतात तोवर माझ्या मनानं लिहिलेलं एकही पत्र तुम्हाला गेलं नाही. तुमच्या आई, आमच्या आत्याबाई, सांगायच्या आणि मी लिहायची. म्हैस व्याली, विहिरीला पाणी आहे, प्रकृतीस जपणे. आज त्या दुपारच्या पडल्यात आणि सांगणारं कुणी नाही. मराठी चौथीत शिकले तेवढ्या शाळेच्या भाषेत लिहिते. बोलणं कसं आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे.

का लिहिते ते आधी सांगते. काल मी मेढ्याहून आले. त्याच्या आठ दिवस आधी मिरजेला जाऊन आले. होय, मिरजेला. आता कळलं असेल कशाबद्दल बोलणार आहे ते.

संशय माझ्या रक्तात आहे असं तुम्हीच म्हणायचात. गवळ्याच्या दुधात मी बोट बुडवून बघते. पोस्टमननं पाकीट आधी फोडलं की नाही ते डिंकावरून ओळखते. मग नवऱ्याला कशी सोडीन? आणि तुम्ही संशयाला जागाच तशी ठेवली होती. तुम्ही मुंबईच्या गोदीत जहाजांची इंजिनं दुरुस्त करणारे फिटर. रजा संपली की कऱ्हाडच्या स्टेशनावर जायचं आणि पुण्याच्या अंगाची गाडी धरायची, एवढं साधं काम. तुम्ही मात्र दर खेपेला एक दिवस आधी निघायचात आणि उलट्या अंगाला मिरजेकडं जायचात. विचारलं की म्हणायचात, "सामान घ्यायचं असतंय." मुंबईत मिळत नाही असं कसलं सामान मिरजेत मिळतं?

मग तुमच्या एका रजेत मलकापूरच्या बाजारात बांगड्या भरताना कासार म्हणाला, "तुमचं मालक मागल्या खेपंला दिसलं की वो मिरजंला. तंबोऱ्यावाल्यांच्या गल्लीत. आतनं बाईमाणसाचा आवाज येत हुता, त्या घरात शिरलं." माझा हात त्याच्या हातात होता. दोन बांगड्या तिथंच पिचल्या. घरी आल्यावर तुम्हाला एक शब्द बोलले नाही, आठवतं? तुम्ही विचारलंत, "डोकं दुखतंय का?" मी म्हटलं, "व्हय."

आणि ती पेटी. हातभर लांब, सागवानी, कडी लावलेली. तिला कुणी हात लावायचा नाही. आत काय आहे ते लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एकदा तुम्ही अंगणात बसून समजावलं होतंत. जहाजाचं इंजिन उभं असतं. वर माणूसभर उंचीचे सिलिंडर, म्हणजे लोखंडी पिंपंच. खाली त्या सगळ्यांच्या जोरानं फिरणारा एकच लांब दांडा, तो क्रँकशाफ्ट. प्रत्येक पिंपाचा मध्य दांड्याच्या मध्यावर बरोबर उतरला पाहिजे. केसाएवढा फरक राहिला तरी बेरिंग तापतं, तापलं की आतल्या तेलाची वाफ होते, आणि ती वाफ पेटली तर? "तर इचारू नगंस," म्हणाला होतात.

म्हणून पिंपाच्या तोंडावर पितळी फुली बसवायची, तिच्या मधोमध बारीक पोलादी तार खाली दांड्यापर्यंत सोडायची आणि तिला शिशाचं वजन बांधायचं. गवंडी ओळंबा सोडतो तसंच. मग दोन्ही टोकांना सुया बसवलेली बांबूची काडी घेऊन पिंपाच्या भिंतीपासून तारेपर्यंत चारी अंगांनी मोजायचं. ती काडी तुम्ही स्वतः तासली होती. फुली, वजन, काडी आणि तारेचं वेटोळं, एवढाच सगळा ऐवज. मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. नंतर वाटायला लागलं, एवढ्यासाठी कुणी कडी लावतं का?

तुमच्या शेवटच्या रजेत, जायच्या आदल्या दिवशी, तुम्ही उसाला पाणी धरायला गेला होतात. मी पेटी उघडली. खोटं कशाला बोलू, मी चिठ्ठ्या शोधत होते. तिच्या चिठ्ठ्या. तारेच्या वेटोळ्याखाली काहीतरी असेल म्हणून मी ते उचललं, बांधलेला दोरा सुटला आणि तार पुढच्या साऱ्या सोप्यात पसरली. पोलादी तारेला एवढा जोर असतो हे मला काय माहीत! गोळा करता करता एका जागी तिला मुरड पडली. मी ती जात्याच्या तळीवर ठेवून बत्त्यानं ठोकून सरळ केली, परत गुंडाळली, दोरा बांधला, कडी लावली. चिठ्ठी एकही नव्हती. संध्याकाळी तुम्हाला गरम भाकरी वाढली आणि तुमच्या तोंडाकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. उलट्या अंगालाच.

दोन महिन्यांनी गोदीतून कागद आला. मीच वाचला, दुसरं कोण वाचणार? आत्याबाईंना मोठ्यानं सांगितलं, "इंजिन फुटलं, त्यात गेलं." खालची ओळ मी गिळली. खाली लिहिलं होतं की, फिटरनं तारेचं माप चुकवलं, शाफ्ट आणि सिलिंडर एका रेषेत नव्हते, त्यामुळं बेरिंग तापून स्फोट झाला. तुमचं माप चुकलं? तुमचं? भाकरी तिरकी भाजली तरी ताटात फिरवून सरळ करून ठेवणारा माणूस तुम्ही. मला लगेच कळलं. माप तुमचं चुकलं नव्हतं. तार माझी वाकडी होती.

वर्षभर मी हेच घेऊन राहिले, कारभारी. लोक रडायला यायचे आणि मला वाटायचं, यांना माहीत असेल का? तुमच्याबरोबर काम करणारे मेढ्याचे बाबूराव पेटी घेऊन आले. उजव्या हाताला भाजल्याचा डाग. ओसरीवर टेकले, चहा केला तो तसाच निवला, आणि सगळा वेळ खाली बघत होते. मी म्हटलं, यांना ठाऊक आहे. यांनी वाकडी तार बघितली आहे आणि मला तोंडावर सांगत नाहीत. मी पेटी उघडली नाही. त्या दिवसांत फौजदार गावात तारा तोडणाऱ्या भूमिगत पोरांच्या मागावर घरांची झडती घेत होता, पेटीत तार सापडली तर काय सांगणार, असं आत्याबाईंना सांगितलं आणि ती कडब्याच्या गंजीत खुपसली. फौजदाराचं ते निमित्त. खरी भीती त्या वेटोळ्याची होती.

वर्षश्राद्ध झालं आणि मला राहवेना. आत्याबाईंच्या डोळ्यांचं कारण काढलं, मिरजेच्या दवाखान्यात त्यांना बसवलं आणि मी ती गल्ली विचारत गेले. मनात काय होतं सांगू? नवरा मीच मारला, तर निदान कुणासाठी मारला ते तरी बघावं.

घर सापडलं. दारात भोपळे वाळत घातलेले, आत नुसते तंबोरे. आणि बाई होती, कारभारी. कासार खोटं बोलला नव्हता. जैनबचाची तिचं नाव, वय सत्तर तरी असेल, दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. मालक वारल्यापासून घरातल्या तंबोऱ्यांची जवारी तीच लावते. तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवत जायचं, एका नेमक्या जागी तार झणझणून बोलते, तिथं तो सोडायचा. तरीसुद्धा मी आत डोकावून घेतलं, दुसरी कुणी आहे का. एक सून होती, मांडीवर लेकरू. तिच्याकडंही नीट बघून घेतलं.

मी गावाचं नाव सांगितलं तसं चाची म्हणाली, "फिटरची बायकू व्हय तू? बस पोरी. एक साल झालं, आला न्हाई त्यो."

तिला माहीतच नव्हतं. मीच सांगितलं. म्हातारीनं हातातला तंबोरा खाली ठेवला. मग एकेक सांगायला लागली. लढाई सुरू झाली, परदेशी तार यायची बंद झाली, तेव्हा तिच्या घरातल्या जुन्या साठ्यासाठी तुम्ही पहिल्यांदा आलात. तिथं ती दोरा सरकवताना बघितलंत आणि म्हणालात, माझी काडी तारेला टेकली की नाही हेच मला अंधाऱ्या पिंपात दिसत नाही. चाची म्हणाली, "बघतोस कशाला? तार छेड आन् ऐक. सुई नुसती शिवली की ती बोलती." तेव्हापासून दर रजेला तासभर तिथं बसून डोळे मिटून ऐकायचात. वर्षाकाठी एकदा तार घ्यायचात, बाकीच्या वेळी नुसता कान तयार करायचात. मला का नाही सांगितलंत? मी हसले असते म्हणून? हसले असते. पण वर्षानुवर्षं जळले तरी नसते.

मग मी छातीवर दगड ठेवून विचारलं, "शेवटच्या खेपंला आलं, तवा तार बघितली का त्यांनी?"

"बघितली की. बोटांतनं सोडत गेला आन् एका जागी थांबला. म्हनला, चाची, हितं मुरड हाय. आमच्या बायकूनं पेटी उघडली. मी म्हनलं, मारलंस का तिला? तर हसला. म्हनला, तिला ठावं न्हाई मला कळलंय ते. सांगितलं तर लाजंनं मरंल. फुडच्या रजेला तिलाच हितं आनतो, म्हंजी तिचं मन निवांत हुईल."

तुम्ही ओळखलं होतंत. भाकरी वाढताना मी तोंड चुकवत होते तेव्हा नव्हे, पण चोवीस तासांत ओळखलंत. आणि मला लाज वाटू नये म्हणून गप्प राहिलात. मी तिथं, परक्या घरात, भोपळ्यांच्या ढिगाला टेकून रडले. चाचीची सून पाणी घेऊन आली. तिच्याकडं मघाशी कसं बघितलं होतं ते आठवून मला मान वर करवेना.

मुरडलेली तार तुम्ही तिथंच टाकून आला होतात. चाचीनं ती मला दाखवली. बत्त्याच्या खुणा माझ्या होत्या. नवी तार तिनं तेलकागदात घालून वरून जवारीचा दोरा बांधून दिली होती. म्हणाली, "माझी गाठ सुटत न्हाई. कापावीच लागती."

घरी येऊन मी कडब्यातून पेटी काढली. पितळी फुली, शिसं, काडी आणि तेलकागदाची पुडी. दोरा जागच्या जागी. गाठ न कापलेली.

कळलं का तुम्हाला? कळणारच, तुम्हीच तर होतात तिथं. तार लावलीच नव्हती. माप घेतलंच नव्हतं, मग चुकलं कुठून? माझ्यावरचा डोंगर उतरला आणि त्याच क्षणी तुमच्यावरचाही उतरला. मग डोक्यात तिडीक गेली. तारेवाचून इंजिन सुरू केलं कुणी?

बाबूराव रजेवर आले आहेत कळलं तशी मी मेढ्याला गेले. पुडी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी नुसती गाठ बघितली आणि खाली बसले.

"भावजी, खरं सांगा."

"वयनी, रजेवरनं आल्यावर दादाचं ते पयलंच जहाज, आन् त्याला निघायची घाई हुती. सायेब म्हनला, तार-बीर लावत बसायला येळ न्हाई, चालू करा. दादा म्हनला, माप घेतल्याबिगर मी हात लावणार न्हाई. सायबानं दुसऱ्याकडनं चालू करवलं. बेरिंग तापल्याचा वास आला तसा दादा बंद करायला आत पळाला. मी त्याच्या मागं हुतो."

"आन् कागदावर हे असं?"

"आमाला तितंच काम करायचं हाय वयनी."

मी त्यांना शिव्या द्यायच्या ठरवून गेले होते. पण त्यांचा हात बघितला आणि नाही दिल्या. एवढंच म्हटलं, सोमवारी मी मुंबईला निघते, तुम्ही येता की मी एकटी जाऊ? त्यांची बायको चुलीपुढून म्हणाली, "जावा तुमी. वरीस झालं, झोपताय कुटं धड?" मग बाबूराव म्हणाले, "तुमी फुडं बोला वयनी. मी मागं हुबा ऱ्हातो." तेवढं मला पुरे आहे.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. मी ती तार मुरडली नसती, तर तुम्ही त्या खेपेला नवी घेतली नसती. जुनी वापरलेली तार पेटीत असती आणि साहेब म्हणाला असता, हीच लावली होती. माझ्या चोंबडेपणानं तुम्हाला मारलं असं वर्षभर म्हणत होते. तोच चोंबडेपणा आता तुमच्या कामी येतोय.

कारभारी, तुमच्यावर एवढी वर्षं घेतलेला संशय सगळा वाया गेला. तुम्ही एकदाही पकडले गेला नाहीत आणि पकडण्यासारखं काही नव्हतंच. माफ करा म्हणणार नाही, तुम्ही न मागताच करून गेलात. पण संशय घ्यायचं माझं काही सुटलेलं नाही, आणि आता तो कुणावर घ्यायचा ते मला कळलंय. साहेबाच्या टेबलावर ही पुडी ठेवणार, त्याच्याच हातानं गाठ कापायला लावणार आणि विचारणार, आमच्या मालकानं माप घेतलं ते कुठल्या तारेनं? तो इंग्रजीत बोलला तर मराठीत बोलायला लावीन. वरच्या साहेबाकडं पाठवलं तर वर जाईन. त्या कागदावरची ती ओळ खोडल्याशिवाय मी गाडीत बसत नाही. आणि खोडलेला कागद घेऊन येताना कऱ्हाडला उतरणार नाही. सरळ पुढं मिरजेला चाचीकडं जाईन, आणि मगच घरी येईन.

तुमची,
शेवंता