लोण्यासारखं मऊ लुगडं

५ जानेवारी, सोमवार
कोडोली सोडून आज कोल्हापुरात राहायला आलो. खोल्या दोनच, पण ऊन भरपूर. यांना कागल एमआयडीसीची बस कोपऱ्यावरच मिळते. अंबाबाईला नारळ वाढवून आले, मग दूध उतू घातलं. माळ्यावर कुणाचं तरी नऊवारी लुगडं सापडलं, धुवून धुवून लोण्यासारखं मऊ झालेलं. आमची संयोगिता बाळंतपणाला येणार आहे. तान्ह्याला जुन्या कापडाचीच वाकळ लागते. नवं कापड कशाला घ्या? अंबाबाईनंच दिलं म्हणायचं.

१३ जानेवारी, मंगळवार
वाकळ निम्मी झाली. धावदोऱ्याचा टाका सरळ पडतोय. डाव्या हाताला मात्र सारखी खाज सुटते. इथलं पाणी मानवलं नसेल. खोबरेल लावलं.

२३ जानेवारी, शुक्रवार
डॉक्टरांनी मलम दिलं, खाजवू नका म्हणाले. न खाजवता राहायचं कसं ते सांगितलं नाही. पोथीच्या ओळीवर बोट ठेवते, दुसरा हात खाजवत असतो. हळदीकुंकवाला बायकांनी माझ्याकडून तिळगूळ घेतला नाही. एकीनं हसत विचारलं, "आंघोळ करता न्हवं, वहिनी?" घरी येऊन रडले. यांनी आपला टॉवेल वेगळा टांगलाय.

२ फेब्रुवारी, सोमवार
संयोगिता बाळाला घेऊन दवाखान्यातून आली. मुलगी आहे. मी हात पुढं केले, तर म्हणाली, "आई, आधी बरी हो, मग घे." तिचं बरोबरच आहे. वाकळ तेवढी दिली. बाळ तिच्यात झोपलंय. मी दारातून बघते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
शेजारच्या धोंडुबाई बाळ बघायला आल्या. वाकळीचा काठ बघून उंबऱ्यातच थांबल्या. म्हणाल्या, "आगं, हे चिमणाबाईचं लुगडं की." आधीची भाडेकरीण. खाजवून खाजवून गेली. तिची कापडं पंचगंगेत सोडली, हे एक तेवढं सापडलं नव्हतं —
हाताकडं नीट बघितलं. ओरखडे न्हवेत. सरळ ओळी. तुटक तुटक, एका मापाच्या. धावदोरा —

७ फेब्रुवारी
सकाळी वाकळ नदीत सोडली. घरी येईपर्यंत खाज थांबली. हात स्वच्छ. महिन्यानं पहिल्यांदा. संयोगितानं आपण होऊन बाळ माझ्या मांडीवर दिलं —

दुपार
रडायची थांबेना. झबलं काढलं. पाठीवर दोन ओळी. हातात मोजे आहेत तिच्या, पाठीला हात पोचत नाही —
हे रिक्षा आणायला गेलेत. बाळ मांडीवर आहे. तिसरी ओळ — मी बघतेय — एक टाका — आता दुस