पाटावरची माती

कोरगाव. नागपंचमीचा दुसरा दिवस, संध्याकाळ.

आज गणपतीचा पाट घेऊन यंदाची मूर्ती सांगायला वसंताच्या चित्रशाळेत गेले. वसंत माझा भाऊ; यंदा होळीच्या शिगम्यानंतर वारला. आता मूर्ती त्याचा मुलगा महेश करतो. करतो कसला, साच्यातून काढतो. मूर्तीची पाठ अगदी सपाट.

"आत्ये, पाठ कोण बघता गो?" म्हणाला.

"तुझ्या सासरच्यांनीही तुला पुढूनच बघितला, म्हणून खपलास." माती मळणारे दोघे हसले. मला हसू आलं नाही.

वसंत मूर्तीच्या पाठीवर दोन दिवस घालवायचा. शेल्याची चुणीन् चुणी कोरायचा. मी सिस्टरांच्या शाळेत शिकलेली, शहाणी! त्याला टोचायचे, "दीड दिवसाने तळीत विरघळणार. काहीतरी टिकणारं कर."

तो म्हणायचा, "बाय, तुझं चवथीच्या भाज्यांचं खतखतं तरी कुठं उरतं? म्हणून कच्चं वाढतेस?"

 

महेशने पाट उलटसुलट करून पाहिला. "केवढा लख्ख केलास! बाबाची माती होती ना यावर?"

होती. मूर्ती पाटावर बसवताना वसंत कडेने ओली माती अंगठ्याने दाबायचा. विसर्जनानंतरही ते कडं पाटाला चिकटून राहायचं, अंगठ्याच्या ठशांसकट. दरवर्षी पाट नेण्याआधी मी ते काथ्याने खरवडते. आज सकाळीही खरवडलं, सवयीने.

त्याच्या हातचं टिकलेलं तेवढंच होतं. पाट धुतल्याचं ते मातीचं पाणी कुठल्या माडाच्या मुळात ओतलं, तेही आठवत नाही.