नमुना क्रमांक पाच

रोहा,
४ जानेवारी २०२६

चि. सरू,

अनेक आशीर्वाद. माझी तब्येत बरी आहे. ह्यांचा गुडघा होता तसाच आहे. पावट्याला यंदा शेंगा भरपूर. खुशाली संपली.

तुझा प्रबंध टपालाने मिळाला. दोनशे बारा पाने. परवा फोनवर तू विचारलेस, "कसा वाटला गो ताई?" आणि मी म्हणाले, वाचते आहे. ते खोटे होते. तेव्हा वाचून झाला होता. फोनवर तू मला वाक्य पुरे करू देत नाहीस, म्हणून लिहिते.

आधी चुका. पान ३१ वर आपल्या गावच्या बाहेरकाठ्याला खांड पडल्याचे साल तू १९८८ दिले आहेस. बांध १९८९ च्या श्रावणात फुटला. खाडीचे पाणी आपल्या शेतात शिरले तेव्हा तू मामाकडे पेणला होतीस आणि मी सुट्टी काढून कमरेइतक्या चिखलात उभी होते. तेव्हा साल माझे धरावे. पान ७७ वरच्या आलेखाला एकक नाही. माझ्या नववीच्या मुलींना मी अशा आलेखाचा अर्धासुद्धा गुण दिला नसता.

ऋणनिर्देश तीन पानांचा आहे. विद्यापीठ, मार्गदर्शक, प्राचार्य, प्रयोगशाळेतला जगन शिपाई, छपाईवाला, आणि बाविसाव्या जागी मी: "वेळोवेळी चहा आणि आधार देणारी माझी ताई." आमच्याकडे तू चहा कधी घेत नाहीस. लिंबू सरबत घेतेस. संशोधकाने एवढे तरी बरोबर लिहावे.

७ फेब्रुवारीच्या परिषदेची पत्रिकाही पाहिली. एका खोलीत हृदयाच्या झडपा, दुसरीत पुलांची कंपने, तिसरीत बॅटऱ्या, चौथीत मधुमेह, आणि सगळ्यांना भूक लागलेली असताना जेवणाआधीच्या वीस मिनिटांत तुझा खाऱ्या जमिनीतला भात. आपल्या रोह्यातच आहे, पहिल्या रांगेत बस, म्हणतेस. बघते. त्या दिवशी पावटा तोडायचा आहे.

निष्कर्षाबद्दल आज काही लिहीत नाही. खारेपाटातले पाच जुने भात तू तीन वर्षे पेरलेस. चार टिकले आणि नमुना क्रमांक पाच, म्हणजे आपल्या आबांचा रता, तिन्ही वर्षे खाऱ्या पाण्यात करपला. हे वाचले. पान १६४ दोनदा वाचले.

संक्रांतीला येणार असलीस तर कोलाडवरून फिरून येणारी गाडी घेऊ नकोस. उशीर होतो आणि मग जेवणे लांबतात.

तुझी,
ताई


रोहा,
१८ जानेवारी २०२६

सरू,

आशीर्वाद शेवटी लिहीन. तुला ते हवे असतील की नाही, ते तोवर कळेल.

बुधवारी तू तिळगूळ घेऊन आलीस. मी पावट्याची भाजी आणि तांबड्या तांदळाची भाकरी केली होती. दुसऱ्या घासाला तू थांबलीस.

"ताई, ही भाकरी आबांच्या भातासारखी लागते गो."

"कुठली," मी म्हणाले. "बाजारातलं पीठ आहे."

"व्हय? मग जीभ म्हातारी झाली माझी."

मग तू सांगितलेस की रता मेला हे लिहिताना तुला रडू आले आणि तुझे मार्गदर्शक म्हणाले, मॅडम, भात आहे तो, माणूस नाही. तू हसत सांगत होतीस. पुढे म्हणालीस, "पोपटदादा बी मागायला आला होता. यंदा उधाण आत आलं, त्याचं बाजारचं बी पिवळं पडून गेलं. म्हणाला, सरू, काकांचा रता मिळंल काय कुठं? मीच सांगितलं त्याला, नको दादा, त्याच्यात आता जोर नाय राहिला, वर्ष फुकट जाईल तुझं."

मी तुला आणखी एक भाकरी वाढली. 

ती भाकरी आबांच्या रत्याची होती. रता मेलेला नाही. आपली जमीन खाडीत गेली, तिवरे उगवली, तरी मी गाव सोडताना आबांनी दिलेले बी मी मोडले नाही. दर वर्षी मागच्या चार वाफ्यांत पेरते, दर वर्षी राखून ठेवते. प्रयोगासाठी तुला जे दिले ते रत्याचे बी नव्हते.

हे वाक्य पुन्हा वाच. माझ्या हातून चूक झाली असे मी लिहिलेले नाही.

मे २०२२ मध्ये तू तुझ्या सरांना आणि ऋतुजा नावाच्या विद्यार्थिनीला घेऊन आलीस. अंगणातच ओळख करून दिलीस: "ही माझी ताई. घरीच असते, थोडी शेती करते." एकतीस वर्षे मी या गावात विज्ञान शिकवले, सरू. रोह्याच्या बाजारात चालले तर निम्मी दुकाने अजून उभी राहून नमस्कार करतात. पाठोपाठ ती ऋतुजा म्हणाली, "काकू, पाणी मिळेल का?" तिचा काही दोष नाही. तहान लागली होती.

मी बी आणायला कोठीत गेले. तिथे दोन डबे शेजारी असतात. एकात रता, कडुनिंबाचा पाला घातलेला. दुसऱ्यात ह्यांच्या शेतातला तांबडा भात, गोड्या पाण्यावरचा, लावणीचा. माझा हात रत्याच्या डब्यावर होता. तो उचलून मी दुसऱ्यावर ठेवला. घाई नव्हती, उजेड भरपूर होता आणि चष्मा डोळ्यांवर होता.

मला खात्री होती की तू ओळखशील. रत्याच्या दाण्याला बोटभर कुसळ असते. आबा काय म्हणायचे? "टोचला तर आपला." ह्यांच्या भाताला कुसळ नावालाही नाही. मला वाटले, तू पिशवीत हात घालशील आणि म्हणशील, ताई, हा आपला नाय. मग मी म्हणणार होते, अगं हो, डबा चुकला. तुझ्या सरांना कळले असते की घरी बसणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय तुमचे पान हलत नाही. मला एवढेच हवे होते, असे मी बरेच दिवस स्वतःला सांगत आले.

तू हात घातलास. मूठ भरून नाकाशी नेलीस आणि म्हणालीस, "सर, हेच ते."

तुला झोडणीला कधी लावलेच नाही. आधी तू लहान, मग मामाकडे. झोडणीनंतर आठ-आठ दिवस बोटांतून कुसळे निघायची ती माझ्या. तरीही तू इतक्या ठामपणे बोललीस की मला आनंद झाला. मी सरांना आणि त्या मुलीला दुसऱ्यांदा चहा केला. ऋणनिर्देशातला चहा बहुधा तोच.

पान १६४ वर तुझे इंग्रजी वाक्य असे आहे: गोड्या पाण्याच्या भागात अनेक वर्षे पेरल्यामुळे या भाताचे कुसळ गळाले असावे आणि त्याबरोबर मीठ सोसण्याची शक्तीही गेली असावी. इतके नीट रचलेले चुकीचे वाक्य मी आजवर वाचले नव्हते. वाचून मी हसले. मग खालचा तक्ता पाहिला. बियाणे देणाऱ्याचे नाव: अनिता, रोहा.

आता जुनी गोष्ट. परसातल्या पाच फुटक्या हंड्या तुला आठवतात का? १९८४ चा पावसाळा. माझा बी.एस्सी.चा निकाल लागला होता, पहिला वर्ग. आमचे वनस्पतिशास्त्राचे सर म्हणाले होते, तुमच्या खारेपाटातला भात किती मीठ सोसतो ते मोजून आणा, एम.एस्सी.ला तेच पुढे नेऊ. मी पाच हंड्यांत रता पेरला. पहिलीला गोडे पाणी, पुढे प्रत्येकीला खाडीचे पाणी थोडे थोडे वाढवत, पाचवीला निव्वळ खाडीचे. चौथी हंडी लोंबीवर आली. पाचवी मरायला टेकली, ती किती दिवसांत मरते ते मला लिहायचे होते, आणि ती एकाएकी हिरवी झाली. बारा वर्षांची तू शाळेतून आलीस की तिला गुपचूप तांब्याभर गोडे पाणी घालत होतीस.

"तिला तहान लागली होती गो ताई."

मी तुला मारले. आई मला म्हणाली, "भातापायी पोरीला मारतंस?" त्या वर्षी पुन्हा पेरायला वेळ उरला नाही. पुढच्या जूनमध्ये मला इथल्या शाळेत नोकरी लागली. सरांनी एकदा पत्राने विचारले, मी उत्तर दिले नाही. कोणी मला अडवले नव्हते. आबांनी तर विचारलेही होते, "जायचं हाय काय पुढं?" मी म्हणाले, नाही. वाट पाहत होते की ते पुन्हा विचारतील.

तुझ्या प्रबंधातही खारेपणाच्या पाच पायऱ्या आहेत. तू हंड्या विसरली असशील. मी नाही विसरले. मला वाटले, माझा प्रश्न हिने उचलला आणि मला चहावर ठेवले.

मला तुझा मत्सर वाटतो. पन्नाशीला टेकल्यावर तू परीक्षेला बसलीस. केस रंगवून, पिशवीत डबा घेऊन, पोरांच्या रांगेत उभी राहून विद्यापीठात नाव घातलेस. पहिल्या वेळी नापास झालीस आणि ते सगळ्यांना सांगत फिरलीस. मला ते जमले नसते. तू मागितलेस आणि मी मागितले नाही, फरक एवढाच. म्हणून राग कमी व्हायला हवा होता. तो जास्त झाला.

तिन्ही वर्षे पीक करपल्यावर तू मला फोन करायचीस. "ताई, यंदा पण गेला." मी विचारायचे, पाणी बघितलेस का, जमीन बघितलीस का. मार्गदर्शन करायचे. ते बरे वाटायचे.

आता जे सर्वांत अवघड ते. २४ फेब्रुवारीला तुझी तोंडी परीक्षा आहे. आज मी हे सांगितले तर पदवी लांबणार. सहा महिने, कदाचित वर्ष. मग मी हे सांगते आहे ते खऱ्यासाठी, की तुझी पदवी लांबावी म्हणून? गुरुवारपासून स्वतःला हेच विचारते आहे. उत्तर असे आले की थोडे दुसरेही आहे. म्हणून मी गप्प बसायचे ठरवले. गप्प बसणे फार चांगुलपणाचे दिसत होते. सरू डॉक्टर होईल, मी टाळ्या वाजवीन, कोणाचे काही बिघडणार नाही.

पण पोपटदादा आहे. जूनमध्ये तो पुन्हा बाजारचे बी टाकणार, कारण तू त्याला रता नको म्हणालीस, आणि तू तसे म्हणालीस ते माझ्या कोठीतल्या दुसऱ्या डब्यावरून. उद्या परिषदेत तुझा शब्द छापून येईल, मग आणखी दहा पोपटदादा. माझ्या मनात काय आहे ते निवळेपर्यंत त्यांची शेते थांबणार नाहीत.

तेव्हा असे कर. या पत्राबरोबर दोन पिशव्या आणि एक वही पाठवते आहे. मोठी पिशवी तुझी, लहान पोपटदादाची. त्याची आधी दे, तुझ्या तोंडाने दे, आणि चूक कोणाची ते सांग. वही माझी आहे, १९८४ ची, चार पाने लिहिलेली. चौथ्या हंडीचे आकडे त्यात आहेत. पाचवीचेही आहेत, तुझ्या पाण्यासकट.

हे पत्र तुझ्या सरांना दाखव. नाव झाकू नकोस. बाकी चार नमुन्यांचे काम तुझे आहे आणि ते चोख आहे. हे मी पहिल्या पत्रात लिहायला हवे होते, लिहिले नाही. पाचव्याचे काय करायचे ते सर ठरवतील. आणखी एक हंगाम पेरावे लागले तर रहू मी टाकीन. बी भिजवायचे, मोड आणायचे, चिखलात सारखे फेकायचे, हे तुला येत नाही. तुझ्या फोटोंत रोपे कुठे दाट, कुठे टक्कल. चार नमुने त्यातूनही टिकले, ही त्या भातांची कमाल.

७ फेब्रुवारीला मी येईन. पावटा ह्यांना तोडू दे, बसून तोडता येतो. पहिल्या रांगेत बसणार नाही. नमुना पाचची वेळ आली की सांग, बियाणे चुकीचे मिळाले होते. तुला खाली मान घालायचे कारण नाही. हृदयवाल्यांपैकी किंवा पुलवाल्यांपैकी कोणी विचारलेच की कोणी दिले, तर मी उभी राहीन. वर्गात उभे राहून बोलायची मला सवय आहे.

ऋणनिर्देशातून माझे नाव काढ. पान १६४ वरच्या तक्त्यात राहू दे, आणि पुढे खरे काय ते लिही.

तू फोन करशील असे वाटत नाही. केलास तर मी तुला मध्ये बोलू देईन.

मोठ्या पिशवीत आधी हात घाल. टोचेल. मग खालचे आशीर्वाद घ्यायचे की नाही ते ठरव.

अनेक आशीर्वाद.

बियाणे देणारी,
तुझी ताई, अनिता