कॉलर सोडून

गुरुवार, संध्याकाळ. अल क्वोज, दुबई.

ती कॉलर काही डोक्यातून जात नाही.

सकाळी एक म्हातारी रशियन बाई वर्कशॉपमध्ये बीव्हरच्या फरचा कोट घेऊन आली. नवऱ्याचा होता, तो यंदा गेला. म्हणाली, सगळं क्लीन करा, कॉलर नको. मी म्हटलं, मॅडम, कॉलरच तर सगळ्यात मळकी आहे. तिने ती नाकाशी धरली आणि तशीच उभी राहिली. मग कळलं मला.

फर आम्ही पाण्यात घालत नाही. लाकडाच्या भुशाबरोबर ड्रममध्ये फिरवतो. भुसा तेल ओढतो, वासही ओढतो. म्हणून आज ड्रम नकोच म्हटलं. कोट टेबलावर पसरला, भुसा हातानेच चोळला, ब्रशने झाडला. कॉलरपाशी आलो की हात आपोआप थांबायचा. सुपरवायझर ओरडला, "यल्ला भाई, कितना टाइम?"

रूमवर येऊन गावी बायकोला, नसीमाला फोन लावला. दर सुट्टीनंतर मी निघताना ती माझा एक वापरलेला शर्ट ठेवून घेते. मला वाटायचं, फडक्याला लागत असेल. इतकी वर्षं कसं नाही विचारलं मी?

"तो शर्ट धुतलास का गं?"

 ती हळूच म्हणाली, "तुम्ही आल्यावर धुईन."