निळ्या शर्टांची गोधडी

कोपरी, ठाणे पूर्व

नंदाताई,
नमस्कार करते, पण माघार घेत नाही. हे पत्र टपालात टाकणार नाही, बारशाचं आमंत्रण द्यायला येईन तेव्हा तोंडावरच बोलेन. आधी शब्द जमवून बघतेय.

फोनवर म्हणालात, "मेलेल्या माणसाच्या कपड्यांत तान्ह्या पोरीला गुंडाळशील, तर मी उंबरा चढणार नाही." ताई, तो माणूस तुमचा धाकटा भाऊ होता आणि ही त्याची लेक. तिचं तोंडही ह्यांना बघता आलं नाही.

ह्यांचे कंपनीचे सगळे निळे शर्ट मी उसवले आणि तिची गोधडी शिवली. "जीव अडकतो" म्हणता ना? अडकू दे. बापाचा जीव लेकीत नाही अडकणार तर कुठे?

गोधडी उपाशी ठेवू नये, शेवटच्या ठिगळात पोळीचा घास घालावा, हे तुम्हीच मला शिकवलंत. तो घास मी देवाला दाखवला, शेवटच्या ठिगळावरच्या ह्यांच्या शर्टाच्या खिशात घातला आणि खिसा शिवला.

नाव ठेवायचा मान आत्याचा. या, पोरगी त्याच गोधडीतून तुमच्या मांडीवर देईन. नाही आलात, तर विधवेने पाळण्याला हात लावू नये म्हणणाऱ्या सगळ्यांसमोर मीच तिच्या कानात 'कुर्रर्र' करीन.

तुमचीच भावजय,
संचिता